व्होल्टेज-करंटवरून काढलेला रोध आणि वॅट जुळत नाहीत? चूक कुठे शोधायची

तक्रार साधारण अशी असते. व्होल्टेज मोजलं, करंट मोजला, भागाकार करून रोध काढला. मग तीच वस्तू सोडवून मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर लावली, तर आकडा भलताच आला. किंवा गुणाकार करून वॅट काढले आणि ते लेबलवरच्या वॅटच्या जवळपासही नाहीत. किंवा एकाच रेझिस्टरची पॉवर दोन सूत्रांनी काढली आणि दोन वेगळी उत्तरं मिळाली. अशा वेळी मीटर बिघडल्याची शंका आधी येते. खरं तर मीटर क्वचितच बिघडलेला असतो आणि सूत्रं तर कधीच चुकत नाहीत. चूक असते ती सूत्रात कोणते आकडे घातले यात.

सूत्रं एकदा समोर ठेवू.

रोध = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर = व्होल्टेज × करंट
पॉवर = करंट × करंट × रोध
पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध

पहिली दोन पाठ असली की पुरे, खालची दोन त्यांच्यातूनच निघतात. गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेल्या नियमावर यातलं पहिलं उभं आहे. पण या चारही ओळींना एक अट लागू आहे आणि ती सूत्राशेजारी कुणी लिहीत नाही. व्होल्टेज म्हणजे त्या वस्तूच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज. करंट म्हणजे त्याच वस्तूतून जाणारा करंट. दोन्ही आकडे एकाच वेळचे, वस्तू त्याच अवस्थेत असतानाचे. खाली जे जे बिघाड सांगतो आहे, त्या जवळजवळ प्रत्येकात या अटीचा एखादा तुकडा मोडलेला दिसेल.

उत्तर हजारपटीने चुकलं असेल तर

हा सगळ्यात सोपा बिघाड, म्हणून आधी उरकू. १२ व्होल्टवर ३५० मिलिअँपिअर करंट आहे. कुणी १२ भागिले ३५० करतो आणि रोध ०.०३४ ओहम काढतो, वर पॉवर ४२०० वॅट. खरा रोध ३४.३ ओहम आहे आणि पॉवर ४.२ वॅट. मिलिअँपिअरचे अँपिअर करायचे राहिले, एवढंच.

छोट्या सर्किटवर रोज काम करत असाल तर दरवेळी दशांशचिन्ह सरकवण्यापेक्षा एक जोडी लक्षात ठेवा: व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये येतं, आणि व्होल्टला मिलिअँपिअरने गुणलं की मिलिवॅटमध्ये. आणि उत्तर आलं की एक क्षण थांबून त्याच्याकडे बघा. हाताला जेमतेम कोमट लागणारी वस्तू ४२०० वॅट घेत असेल का? हा प्रश्न स्वतःला विचारला तरी अर्ध्या चुका कागदावरच पकडल्या जातात.

व्होल्टेज नक्की कुणाचं घेतलं?

इथे मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण न जुळणाऱ्या हिशेबांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

५ व्होल्टचा सप्लाय, १५० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्याशी सीरिजमध्ये एक लाल एलईडी. करंट मोजला तर २० मिलिअँपिअर. आता ५ भागिले ०.०२ केलं की येतात २५० ओहम. रेझिस्टरवरचे रंगपट्टे मात्र १५० सांगतात. म्हणून रेझिस्टर खराब ठरवून बदलला जातो आणि नवाही तसाच 'खराब' निघतो.

प्रोब रेझिस्टरच्या दोन टोकांवर ठेवून बघा. तिथे ३ व्होल्ट मिळतील. उरलेले २ व्होल्ट एलईडीवर पडलेले असतात. ३ भागिले ०.०२ म्हणजे बरोबर १५० ओहम. आता पॉवर बघा: रेझिस्टरमध्ये ३ × ०.०२ म्हणजे ०.०६ वॅट, एलईडीमध्ये २ × ०.०२ म्हणजे ०.०४ वॅट आणि सप्लायकडून ५ × ०.०२ म्हणजे ०.१ वॅट. सगळे भाग मिळून पुरवठ्याइतके झाले, हिशेब मिटला. ही बेरीज करून बघायची सवय लावून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. वेगवेगळ्या भागांतली पॉवर मिळून सप्लायच्या पॉवरइतकी होत नसेल, तर कुठलं तरी व्होल्टेज चुकीच्या जागी मोजलेलं आहे, हे मीटर न उघडताच कळतं.

एलईडीसाठी २ भागिले ०.०२ करून १०० ओहम हा आकडा काढता येतो, पण तो पुढे कुठेही वापरू नका. करंट दुप्पट केला तरी एलईडीवरचं व्होल्टेज थोडंसंच वाढतं, त्यामुळे तो '१०० ओहम' लगेच बदलतो. डायोड, एलईडी, ट्रान्झिस्टर यांना ठरावीक रोध नसतो. पॉवरसाठी मात्र व्होल्टेज गुणिले करंट हे सूत्र त्यांनाही चालतं.

दुसरा नेहमीचा प्रकार बॅटरीचा. बॅटरी मोकळी असताना व्होल्टेज मोजलं, ९.२ व्होल्ट. मग लोड जोडून करंट मोजला, ०.२ अँपिअर. भागाकार ४६ ओहम, पण लोड तर ३९ ओहमचा आहे. कारण लोड जोडताच बॅटरीच्या टोकांवर ७.८ व्होल्टच उरले होते. ७.८ भागिले ०.२ म्हणजे ३९. मधले १.४ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च झाले आणि १.४ भागिले ०.२ केलं तर तिचा अंतर्गत रोध ७ ओहम मिळतो. म्हणजे जो फरक त्रास देत होता, तोच बॅटरी किती थकली आहे ते सांगतो. मोकळं असताना पूर्ण व्होल्टेज दाखवणारी आणि लोड पडताच मान टाकणारी बॅटरी अशीच ओळखायची.

तिसरा प्रकार लांब वायरींचा. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर आहे, त्याचा रोध २६.४५ ओहम. तो २० मीटरच्या एक्स्टेंशनवर लावला, वायर १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची. अशा वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाण्या-येण्याची लांबी ४० मीटर धरली की जवळपास ०.४८ ओहम होतात. एकूण रोध २६.९३, करंट ८.५४ अँपिअर. सॉकेटवरचे २३० व्होल्ट धरून भागाकार केला तर २६.९३ ओहम येतात आणि लेबलवरून काढलेल्या रोधाशी ते जुळत नाहीत. हीटरच्या टोकांवर मोजलं तर २२६ व्होल्टच्या आसपास मिळतात आणि २६.४५ बरोबर येतो. हीटरला मिळतात सुमारे १९२९ वॅट, आणि ३५ वॅट वायर तापवण्यात जातात.

हे ३५ वॅट क्षुल्लक वाटतील. पण एक्स्टेंशन गुंडाळलेलंच ठेवून मोठा लोड चालवला तर ती उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि वायरीचं प्लॅस्टिक मऊ पडू लागतं. सैल स्क्रूचं तर याहून वाईट. तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला तरी ८.५ अँपिअरला ३६ वॅट एका बोटाएवढ्या जागेत साठतात. सॉकेट काळं पडतं, जळका वास येतो, तो यामुळेच. म्हणून 'सॉकेटवर इतके आणि हीटरवर इतके' हा फरक वायरीच्या हिशेबापेक्षा बराच मोठा निघाला, तर गणित सोडा. पुरवठा बंद करा आणि जोडण्या तपासा.

ओहम रेंजवर एक आकडा, चालू असताना दुसरा

फिलामेंटचा ६० वॅटचा बल्ब घ्या, २३० व्होल्टचा. लेबलवरून करंट ०.२६ अँपिअर, रोध ८८२ ओहम. बल्ब काढून ओहम रेंजवर लावला की मीटर दाखवतो ६० ते ७० ओहम. त्यावरून कुणी पॉवर काढली तर २३० चा वर्ग भागिले ६५, म्हणजे ८०० वॅटच्या वर! मीटर नक्कीच बिघडला, असं इथे वाटतं.

दोन्ही आकडे खरे आहेत. मल्टिमीटर थंड फिलामेंट मोजतो आणि भागाकार सुमारे अडीच हजार अंश सेल्सिअसला पेटलेलं फिलामेंट मोजतो. टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढत जातो आणि एवढ्या तापमानाला तेरा-पंधरा पट होतो. बल्ब लावल्याच्या पहिल्या क्षणी करंट खरोखरच साडेतीन अँपिअरच्या घरात असतो, फिलामेंट तापलं की तो उतरतो. जुने बल्ब बहुधा बटण दाबतानाच का जातात, याचंही हेच कारण.

हीटरच्या कॉइलवर हा गोंधळ होत नाही. ही कॉइल ज्या मिश्रधातूची असते त्या नायक्रोमचा रोध तापल्यावर थोडासाच वाढतो, त्यामुळे थंड असताना मोजलेले ओहम आणि चालू असतानाचे ओहम जवळजवळ सारखे येतात. म्हणून हीटर, इस्त्री, गीझर यांची कॉइल ओहम रेंजवर तपासणं भरवशाचं आहे. २३० व्होल्टच्या १००० वॅटच्या कॉइलला ५३ ओहमच्या जवळ, २००० वॅटच्या कॉइलला २६ च्या जवळ मिळायला हवेत. अनंत आला तर कॉइल तुटली आहे. तांब्याचं वाइंडिंग (मोटरसारख्या वस्तूंमधली गुंडाळलेली तार) या दोघांच्या मधे बसतं: तापमान दर १० अंशांनी वाढलं की रोध सुमारे ४ टक्के वाढतो. थर्मिस्टर म्हणजे तापमानाप्रमाणे रोध ठळकपणे बदलणारा रेझिस्टर, त्याच्या एका प्रकारात तर उलटं होतं, तापला की रोध कमी.

तेव्हा 'या वस्तूचा रोध किती' या प्रश्नाला 'कोणत्या तापमानाला' ही शेपटी लावूनच उत्तर शोधा.

ओहम रेंजबद्दल आणखी दोन गोष्टी. रेझिस्टर सर्किटमध्येच ठेवून मोजला तर त्याच्या समांतर असलेल्या सगळ्या वाटा मोजणीत येतात आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, म्हणून एक पाय तरी सोडवा. आणि पुरवठा चालू असलेल्या सर्किटला ओहम रेंज कधीही लावू नका. आकडा निरर्थक येईलच, मीटरही जाऊ शकतो.

मीटर स्वतः सर्किटमध्ये बसलेला असतो

करंट मोजायला मीटर सीरिजमध्ये जोडतो, तेव्हा त्याच्या आतला छोटा शंट रेझिस्टरही (ज्याच्यावरच्या व्होल्टेजवरून मीटर करंट ओळखतो तो) सर्किटमध्ये येतो. पुष्कळ साध्या डिजिटल मीटरमध्ये २०० मिलिअँपिअर रेंजला हा १ ओहम असतो, २० मिलिअँपिअर रेंजला १० ओहम आणि २ मिलिअँपिअर रेंजला १०० ओहम. फ्यूज आणि प्रोबच्या वायरी यांचा रोध वेगळा.

१.५ व्होल्टवर १०० ओहमचा रेझिस्टर आहे. करंट १५ मिलिअँपिअर यायला हवा. २० च्या रेंजवर मीटर दाखवतो १३.६. आधी वेगळं मोजून ठेवलेलं व्होल्टेज १.५ होतं, म्हणून १.५ भागिले ०.०१३६, म्हणजे ११० ओहम. वरचे १० ओहम मीटरचे आहेत. रेंज २०० वर नेली तर एक दशांश स्थान कमी मिळेल, पण आकडा १४.९ येईल आणि हिशेब जुळेल. कमी व्होल्टेजच्या सर्किटमध्ये बारीक रेंज अधिक अचूक वाटते, पण प्रत्यक्षात मोठी रेंज सर्किटला कमी धक्का लावते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

व्होल्टमीटरचंही तसंच. चांगल्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध व्होल्टेज रेंजवर बहुधा १० मेगाओहम असतो, काही स्वस्त मीटरचा १ मेगाओहमच असतो. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये जोडून ९ व्होल्ट लावले, तर मधल्या बिंदूवर ४.५ व्होल्ट असायला हवेत. पहिला मीटर ४.२९ दाखवेल, दुसरा चक्क ३. दोन मीटर वेगवेगळं व्होल्टेज दाखवतात आणि दोघेही प्रामाणिक आहेत, कारण प्रोब टेकवताच सर्किट बदललं.

म्हणून व्होल्टेज आणि करंट दोन्ही मीटर एकदम लावून मोजा, आणि रोध लहान आहे की मोठा यावर जोडणी ठरवा. रोध लहान असेल, काही ओहम ते काही किलोओहम, तर व्होल्टमीटर थेट वस्तूच्या टोकांवर ठेवा. अॅमीटरवर, म्हणजे करंट मोजणाऱ्या मीटरवर, पडणारं व्होल्टेज मग मोजणीत येत नाही. रोध मेगाओहमच्या घरात असेल तर उलट करा: व्होल्टमीटर अॅमीटरसकट दोघांच्या बाहेर लावा, नाहीतर व्होल्टमीटरमधून जाणारा करंटही अॅमीटर मोजून बसतो. १ मेगाओहमच्या रेझिस्टरवर १० मेगाओहमचा मीटर चुकीच्या पद्धतीने जोडला तर हिशेबात ९०९ किलोओहम येतात.

एकच मीटर हाताशी असेल तर करंट मोजायला मीटर वापरूच नका. सर्किटमध्ये आधीच एखादा माहीत असलेला रेझिस्टर असेल तर त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा आणि त्याच्या ओहमने भागा. नसेल तर १ ओहमचा, १ टक्क्यावाला रेझिस्टर सीरिजमध्ये घाला. त्याच्यावर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिअँपिअर. ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिच्यात सर्किट दर वेळी उघडावं लागत नाही आणि मीटरचा फ्यूजही उडत नाही.

फ्यूजवरून आठवलं. करंट सतत शून्य दिसत असेल आणि वस्तू एरवी व्यवस्थित चालत असेल, तर मिलिअँपिअर रेंजचा फ्यूज आधी कधीतरी उडालेला असतो. तो काढून तपासा आणि बदलताना त्याच रेटिंगचा आणि त्याच प्रकारचा टाका, तार गुंडाळू नका. करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या खोबणीत परत लावा. १० अँपिअरच्या खोबणीत तो राहिला आणि तसेच व्होल्टेज मोजायला प्रोब टेकवले, तर मीटरमधून थेट शॉर्ट होतो. मेन्सवर हे झालं तर मीटर हातात फुटू शकतो. मेन्सचा करंट मोजायला वायर तोडून मीटर घालण्यापेक्षा क्लॅम्प मीटर कितीतरी सुरक्षित. फक्त क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना पुसून टाकतात आणि मीटर शून्य दाखवतो.

एक ओहमच्या खालचे रोध

प्रोब एकमेकांना टेकवा. बहुतेक मीटर ०.२ ते ०.५ ओहम दाखवतील. हा प्रोबच्या वायरींचा आणि टोकांचा रोध आहे, तो वजा करा. शंट, जाड वायर, स्विचचे कॉन्टॅक्ट अशा वस्तूंना वजाबाकीही पुरत नाही. तिथे ठरावीक करंट, समजा १ अँपिअर, वस्तूतून सोडा आणि व्होल्टमीटरचे प्रोब वेगळे, थेट वस्तूच्या अंगावर टेकवा. १ अँपिअरला १२ मिलिव्होल्ट आले तर रोध ०.०१२ ओहम. करंट नेणाऱ्या वायरींवर किती व्होल्टेज पडलं याच्याशी मग आपल्याला देणंघेणं उरत नाही. लॉर्ड केल्व्हिन यांच्या नावाने ओळखली जाणारी चार वायरींची पद्धत ती हीच.

मोटर आणि एसी: इथे भागाकार वेगळंच काही सांगतो

आधी १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर घेऊ. वाइंडिंगचा रोध २ ओहम. चालताना करंट १ अँपिअर. १२ भागिले १ म्हणजे १२ ओहम, मग हे २ ओहम कुठे गेले?

फिरणारी मोटर स्वतःही व्होल्टेज तयार करते आणि ते पुरवठ्याच्या विरुद्ध असतं. इथे ते १० व्होल्ट आहे. वाइंडिंगच्या वाट्याला २ व्होल्टच येतात आणि २ भागिले २ म्हणजे १ अँपिअर. मोटर घेते १२ वॅट, त्यातले २ वॅट वाइंडिंग तापवतात आणि १० वॅट फिरवण्याच्या कामी जातात, घर्षणाचा वाटा त्यातच. आता मोटर अडकली तर विरुद्ध व्होल्टेज शून्य, करंट ६ अँपिअर आणि सगळेच्या सगळे ७२ वॅट वाइंडिंगमध्ये उष्णता होऊन उतरतात, पूर्वीच्या ३६ पट. अडकलेली मोटर काही मिनिटांत का जळते ते या एका ओळीत दिसतं. त्यामुळे मोटरचा व्होल्टेज भागिले करंट हा आकडा तिचा रोध समजू नका. उष्णता काढायची तर करंटचा वर्ग गुणिले वाइंडिंगचा रोध, आणि एकूण पॉवर काढायची तर व्होल्टेज गुणिले करंट. मोटरवर या दोन सूत्रांची उत्तरं वेगळी येतात आणि ती वेगळीच यायला हवीत.

एसीवर आणखी एक थर चढतो. २३० व्होल्टची मोटर ४ अँपिअर घेते. गुणाकार ९२०, पण लेबलवर किंवा प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर ७३६ वॅट. ९२० हे व्होल्ट-अँपिअर आहेत. वाइंडिंगमुळे करंट व्होल्टेजच्या मागे पडतो, दोघांची शिखरं एकाच वेळी येत नाहीत, आणि खरी पॉवर मिळवायला त्या गुणाकाराला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. इथे तो ०.८ आहे. २३० भागिले ४ केल्यावर येणारे ५७.५ ओहम हा इम्पीडन्स आहे, म्हणजे एसी करंटला होणारा एकूण अडथळा. ओहम रेंजवर वाइंडिंग याहून पुष्कळ कमी दाखवणार, आणि ते पाहून शॉर्ट झालं असं ठरवू नका.

टोकाचं उदाहरण हवं असेल तर कपॅसिटर घ्या. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झच्या २३० व्होल्टवर सुमारे ७२ मिलिअँपिअर घेतो. गुणाकार १६.६, पण खरी पॉवर जवळपास शून्य आणि कपॅसिटर गारच राहतो. ओहम रेंजवर तो अनंत दाखवतो. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत.

हीटर, इस्त्री, फिलामेंट बल्ब यांचा पॉवर फॅक्टर १ धरला तरी चालतो, म्हणून त्यांच्यावर साधा गुणाकार जुळतो. एलईडी बल्ब, चार्जर, संगणकाचे सप्लाय यांच्यात करंट छोट्या टोकदार ठोक्यांनी जातो. साधा मीटर एसीची सरासरी मोजून ती १.११ ने वाढवून दाखवतो आणि हा हिशेब फक्त शुद्ध साइन लहरीला लागू पडतो. टोकदार करंटवर तो कमी आकडा दाखवतो. ट्रू आरएमएस मीटरने (लहरीचा आकार कसाही असला तरी खरं परिणामकारक मूल्य काढणाऱ्या) करंट बरोबर मिळेल, पण वॅट मिळवायला तरीही पॉवर फॅक्टर लागेलच. माझं स्पष्ट मत: अशा उपकरणांचे वॅट हवे असतील तर दोन मीटर घेऊन झगडू नका, वॅटमीटर वापरा. तो क्षणाक्षणाचं व्होल्टेज आणि करंट गुणून त्यांची सरासरी घेतो.

याचा एक डीसी भाऊबंदही आहे. हीटर १२ व्होल्टवर पीडब्ल्यूएमने (पुरवठा वेगाने चालू-बंद करण्याच्या पद्धतीने) अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद केला आहे. चालू असताना २ अँपिअर. डीसी मीटर सरासरी दाखवतो: ६ व्होल्ट, १ अँपिअर. भागाकार ६ ओहम, अगदी बरोबर. गुणाकार ६ वॅट, साफ चूक! चालू असताना २४ वॅट आणि तेही अर्धा वेळ, म्हणजे सरासरी १२ वॅट. रोध जुळला म्हणून पॉवरही जुळली असं धरून चालता येत नाही, ते इथे सगळ्यात ठळक दिसतं.

रोध वाढला की पॉवर वाढते की कमी होते?

एका सूत्रात रोध वर आहे, दुसऱ्यात खाली. विद्यार्थी इथे अडखळतात आणि त्यांचं अडखळणं रास्त आहे. उत्तर यावर ठरतं की काय कायम आहे, व्होल्टेज की करंट.

१० आणि २० ओहमचे दोन रेझिस्टर १२ व्होल्टवर समांतर जोडा. दोघांवर १२ व्होल्ट कायम. १० ओहमवाला १४.४ वॅट घेतो, २० वाला ७.२. आता तेच दोन सीरिजमध्ये जोडा. एकूण ३० ओहम, दोघांतून ०.४ अँपिअर. १० ओहमवाल्याला १.६ वॅट आणि २० वाल्याला ३.२. वस्तू त्याच, पुरवठा तोच, पण जास्त तापणारा रेझिस्टर बदलला. सैल स्क्रूचा अर्धा ओहम का जळतो आणि २६ ओहमच्या हीटरची कॉइल कमी ओहमची केली तर ती जास्त का तापते, ही दोन्ही उत्तरं यातच आहेत. सैल स्क्रूमधून किती करंट जायचा ते हीटर ठरवतो, तर हीटरवरचं व्होल्टेज पुरवठा ठरवतो.

लेबलवरचे वॅट

लेबलवरचे वॅट लेबलवरच्या व्होल्टेजलाच खरे असतात. १००० वॅट, २३० व्होल्ट असा हीटर २१० व्होल्टवर चालवला तर ९१३ वॅट मिळतील असं त्रैराशिक सांगतं. प्रत्यक्षात ८३४ मिळतात, कारण व्होल्टेजबरोबर करंटही कमी होतो आणि घट वर्गाने होते. २४० व्होल्टसाठी २००० वॅट लिहिलेला हीटर २३० ला १८३७ वॅटच घेतो. त्यात बिघाड काहीच नाही.

रेझिस्टरवरचे वॅट म्हणजे तो किती घेईल ते नव्हे, किती सोसेल ते. पाव वॅटचा १०० ओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर थेट लावला तर १२० मिलिअँपिअर आणि १.४४ वॅट घेतो आणि धूर काढतो. त्याला ५ व्होल्टच्या वर चालवताच येत नाही, कारण ५ चा वर्ग भागिले १०० बरोबर पाव वॅट. १२ व्होल्टवर पाव वॅटचा रेझिस्टर हवा असेल तर तो किमान ५७६ ओहमचा लागेल, आणि सोसण्याच्या निम्म्यावर चालवायचा झाला तर १.२ किलोओहमचा घ्या. मी निम्म्यावरच चालवतो. तापलेला रेझिस्टर शेजारच्या कपॅसिटरचं आयुष्यही खातो.

किती फरक चालतो

सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर ५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो, म्हणजे १०० ओहमचा ९५ ते १०५ कुठेही. त्यात व्होल्टेजची चूक १ टक्का आणि करंटची २ टक्के असेल तर भागाकारात आणि गुणाकारात ती ३ टक्क्यांपर्यंत जाते. व्होल्टेजचा वर्ग करून पॉवर काढलीत तर व्होल्टेजची चूक दुप्पट होऊन उत्तरात उतरते, म्हणून दोन्ही आकडे मोजता येत असतील तर सरळ गुणाकारच करा. ओहम रेंजवर ९७ आणि भागाकाराने ९९ आले, तर शोधत बसण्यासारखं तिथे काही नाही. ९७ आणि १३० आले, तर प्रोब उचलून पुन्हा थेट रेझिस्टरच्या पायांवर टेकवा.